स्कॅन नॉर्मल, पण डोके ठिकाणावर नाही : मुक्या मारानंतरचा गोंधळ आणि धास्ती

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतून दोन मोठे रस्ते जातात. पुणे–अहिल्यानगर रस्ता शिक्रापूर, रांजणगाव करत शिरूरला येतो. पुणे–सोलापूर महामार्ग यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ असा दौंड तालुका ओलांडतो. न्हावऱ्याहून चौफुल्याला येणारा रस्ता या दोघांना जोडतो. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत रात्रपाळीला जाणारे दुचाकीस्वार, उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि भरधाव कंटेनर या सगळ्यांची गाठ याच रस्त्यांवर पडते. आपल्या वस्त्यांतील कितीतरी तरुण याच रस्त्यांनी कामाला, कॉलेजला आणि कार्यक्रमांना जातात. त्यातले काही पडतात.

पडल्यावर काय होते ते आपल्या ओळखीचे आहे. कोणीतरी दवाखान्यात नेते. सीटी स्कॅन होतो. डॉक्टर सांगतात, "रिपोर्ट नॉर्मल आहे, घरी जा, आराम करा." घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण चार दिवसांनी त्या तरुणाला वेगळेच काही जाणवू लागते. बोलता बोलता शब्द सापडत नाही. एक पान वाचायला अर्धा तास लागतो. ट्यूबलाइटचा उजेड टोचतो, मुलांचा गलका सहन होत नाही. छातीत धडधडते, रात्री झोप लागत नाही. मनात एकच विचार घोळत राहतो : "मला वेड तर लागत नाही ना?" बाहेरून जखम दिसत नाही, रिपोर्ट चांगला आहे, म्हणून घरचे म्हणतात, "तुला काही झालेले नाही, उगाच विचार करतोस."

या ठिकाणी दोन गोष्टी एकदम लक्षात ठेवाव्या लागतात. स्कॅन नॉर्मल आला म्हणून त्रास खोटा ठरत नाही. आणि त्रास खरा आहे म्हणून मेंदू कायमचा बिघडला असेही ठरत नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये उभे राहता आले, तर बरे होण्याचा रस्ता पुष्कळ सोपा होतो. हा लेख त्यासाठी आहे.

मुका मार म्हणजे नेमके काय?

आपण ज्याला डोक्याचा मुका मार म्हणतो, त्याला डॉक्टर 'कन्कशन' म्हणतात. मेंदू मऊ असतो आणि कवटीच्या आत द्रवात असतो. धावत्या एसटीने अचानक ब्रेक दाबला की आपण पुढच्या सीटवर आदळतो. तसाच डोके एकदम थांबले किंवा झटक्याने वळले की आतला मेंदू हादरतो. त्यासाठी डोके फुटावेच लागते असे नाही, डोक्यावर थेट मार बसावा लागतो असेही नाही. मान जोरात हिसकली तरी हा हादरा बसू शकतो. शुद्ध हरपलीच पाहिजे असेही नाही. कन्कशन झालेल्या बहुतेक लोकांची शुद्ध जात नाही.

या हादऱ्याने मेंदूतील बारीक चेतातंतू ताणले जातात. पेशींच्या आत आणि बाहेर असलेल्या क्षारांचे संतुलन बिघडते. ते पुन्हा जागेवर आणायला पेशींना नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा लागते आणि नेमक्या त्याच काळात ऊर्जेचा पुरवठा अपुरा पडतो. मोबाइल फुटलेला नाही, पण बॅटरी पटकन उतरते, तशी ही अवस्था असते. सीटी स्कॅन हा रक्तस्राव, कवटीचे फ्रॅक्चर आणि मोठी सूज शोधण्यासाठी असतो. ते नाही, हे कळणे फार मोलाचे आहे, कारण जीवाचा तातडीचा धोका त्यातूनच असतो. पण ऊर्जेची ही ओढाताण स्कॅनमध्ये दिसत नाही.

'सौम्य' या शब्दानेही गैरसमज होतो. १९७४ मध्ये ग्लासगो शहरातील दोन डॉक्टरांनी, टीसडेल आणि जेनेट यांनी, डोक्याला मार लागलेल्या रुग्णाची शुद्ध मोजण्याची पद्धत मांडली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना मिळून जास्तीत जास्त १५ गुण दिले जातात. १३ ते १५ गुण असले की इजा 'सौम्य' धरतात. म्हणजे हा शब्द जीवाचा धोका किती आहे हे सांगतो. रुग्णाला किती त्रास होईल, तो कामावर कधी जाऊ शकेल, याविषयी तो काहीच सांगत नाही.

त्रास उशिरा सुरू होऊ शकतो हेही ध्यानात ठेवावे. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्स कसोटीत जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला. त्या वेळच्या तपासणीत तो उत्तीर्ण झाला, पुन्हा फलंदाजीला आला आणि ९२ धावांवर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो डोकेदुखी आणि गुंगी घेऊन उठला. त्याला सामन्यातून काढले गेले. त्याच्या जागी आलेला मार्नस लाबुशेन हा कसोटी क्रिकेटमधला पहिला कन्कशन बदली खेळाडू ठरला. स्मिथ पुढच्या लीड्स कसोटीतही खेळला नाही. दिमतीला डॉक्टरांचा ताफा असलेल्या खेळाडूच्या बाबतीत असे घडते. मग कबड्डीच्या मैदानात आदळलेल्या किंवा पाटसजवळ दुचाकीवरून घसरलेल्या पोराला "उठला ना, चालतोय ना, मग ठीक आहे" असे म्हणून सोडून देणे किती घाईचे आहे, याचा विचार करावा.

आधी ही धोक्याची लक्षणे पाठ करा

पुढचे सगळे वाचण्याआधी हे वाचा. खालीलपैकी एकही लक्षण दिसले तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, रुग्णालयात न्या. आधी एकदा तपासून घरी सोडले असले तरी पुन्हा न्या.

- डोकेदुखी वाढतच जाणे
- पुन्हा पुन्हा उलट्या होणे
- फिट येणे
- बोलणे अडखळणे, हात किंवा पाय लुळा पडणे, तोल जाणे
- एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे
- नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव किंवा रक्त येणे
- माणसे न ओळखणे, गोंधळ वाढत जाणे, हाक मारूनही नीट जागे न होणे

रक्त पातळ करणारी गोळी सुरू असणारे, वयस्कर माणसे, लहान मुले आणि दारूच्या नशेत पडलेले यांना लक्षण नसले तरी दाखवून घ्यावे. नशेत आहे म्हणून बरळतोय असे समजून झोपवून ठेवलेला माणूस सकाळी न उठण्याचा धोका खरा आहे.

अपघातग्रस्ताला नेले तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही भीती आता बाजूला ठेवावी. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरता उपचार मिळू शकतात. रुग्णालयात गेल्यावर याविषयी स्पष्ट विचारा.

गोंधळ कसा असतो?

धोक्याची लक्षणे नाहीत आणि डॉक्टरांनी घरी सोडले आहे, असे धरून पुढे जाऊ.

पहिले काही दिवस डोके सुन्न, जड वाटते. धुक्यातून पाहिल्यासारखे होते. एकाच वेळी दोन गोष्टी जमत नाहीत. भाजी चिरताना कोणी बोलले तरी हात थांबतो. नाव आठवत नाही, गाडीची किल्ली सापडत नाही, तोच प्रश्न दोनदा विचारला जातो. शिरूरच्या बाजारात किंवा दौंड स्टेशनच्या पुलावर गर्दीत शिरले की गरगरते. चिडचिड होते, मधूनच रडू येते. हे सगळे या दुखापतीत नेहमी दिसणारे आहे. अपघाताच्या आधीची आणि नंतरची काही मिनिटे अजिबात न आठवणे हेही त्यातलेच. ती आठवण कधी परत येत नाही, पण त्याने पुढच्या आयुष्याचे काही अडत नाही.

बहुतेक प्रौढ माणसे दोन ते चार आठवड्यांत बरी होतात. शाळकरी मुलांना आणि किशोरवयीनांना थोडा जास्त वेळ लागू शकतो. काही जणांना मात्र महिने लागतात. आधीपासून चिंतेचा किंवा अर्धशिशीचा त्रास असणारे, आधीही डोक्याला मार लागलेले, झोप अपुरी असलेले लोक त्यात अधिक असतात. शिवाय ही सुधारणा सरळ चढाची नसते. दोन दिवस बरे जातात, तिसऱ्या दिवशी पुन्हा डोके धरते. हा तिसरा दिवस फार घाबरवतो. पण तो मागे गेल्याची खूण नाही. आदल्या दिवशी थोडे जास्त झाले, एवढेच तो बहुतेक वेळा सांगत असतो.

धास्ती आणि दुसरा बाण

संयुत्त निकायात सल्लत्थ सुत्त आहे. त्यातला दृष्टान्त आपल्यापैकी अनेकांनी विहारात ऐकला असेल. बाण लागलेल्या माणसाला शरीराची वेदना होते. त्या वेदनेवर तो शोक करतो, घाबरतो, छाती पिटतो, तेव्हा त्याला जणू दुसरा बाण लागतो. पहिला बाण शरीराचा, दुसरा मनाचा.

मुक्या मारानंतर हा दुसरा बाण कसा काम करतो ते नीट समजून घेतले पाहिजे. डोके दुखले की भीती वाटते. भीती वाटली की शरीर सावध होते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, मानेचे स्नायू आवळतात, झोप उडते. उथळ श्वासाने गरगरते, आवळलेल्या मानेने डोके दुखते, झोप नसल्याने काही आठवत नाही. म्हणजे ज्या लक्षणांची भीती वाटत होती, तीच लक्षणे भीतीने वाढवली. मग माणूस म्हणतो, "पाहा, वाढतेच आहे." आणि चक्र पुन्हा फिरते. चक्कर, डोकेदुखी, विसरभोळेपणा ही मेंदूच्या हादऱ्याची लक्षणे आहेत आणि चिंतेचीही. कोणते कशाचे हे रुग्णाला आतून ओळखता येत नाही.

त्यात भर पडते ती सतत तपासत राहण्याची. आज किती दुखते, कालचे नाव आठवते का, मोबाइलवर 'डोक्याला मार' असे टाकून काय काय येते, हे दिवसभर चालते. मानसशास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. दुखापतीनंतर माणसाला आधीचे दिवस होते त्यापेक्षा जास्त चांगले आठवतात. किल्ली आपण अपघाताआधीही विसरत होतोच. पण आता प्रत्येक विसर त्या एका पडण्याच्या खात्यावर जमा होतो.

हे समजले की काय होते? लक्षण लगेच जात नाही, पण त्याचा अर्थ बदलतो. "मेंदू सडतोय" याऐवजी "मेंदू थकलाय आणि मी घाबरलोय" असे म्हणता येते. सुरुवातीलाच रुग्णाला नीट समजावून सांगणे आणि धीर देणे हा कन्कशनच्या उपचाराचाच भाग मानला जातो, तो याचसाठी.

एक सावधगिरी मात्र हवी. दुसऱ्या बाणाचा दृष्टान्त रुग्णाला दोष देण्यासाठी वापरू नका. "तूच मनाला लावून घेतोस" असे म्हणणे म्हणजे बाजूच्या माणसाने मारलेला तिसरा बाण. भीती ही हादरलेल्या मेंदूचीही एक प्रतिक्रिया आहे. ती कमी करायला शिकता येते, पण हुकूम दिल्याने ती जात नाही.

दिवस कसा काढायचा?

पूर्वी अंधाऱ्या खोलीत आठवडाच्या आठवडा पडून राहायला सांगत. आता तसे सांगत नाहीत. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती घ्यावी. म्हणजे घरातली हलकी कामे आणि थोडे चालणे चालेल. मोबाइल, टीव्ही शक्य तितका कमी ठेवावा. डॉक्टरांनी तपासून धोका नाही असे सांगितले असेल तर झोपायला हरकत नाही. "झोपू देऊ नका" हा सरसकट सल्ला बरोबर नाही. पहिल्या रात्री सोबत मात्र कोणीतरी हवे.

त्यानंतर हळूहळू हालचाल वाढवायची. त्यासाठी एक सोपे माप आहे. त्रासाला शून्य ते दहा असे गुण द्या. चालायला निघताना त्रास तीन असेल आणि चालताना तो चार-पाचपर्यंत गेला, पण तासाभरात पुन्हा उतरला, तर ठीक आहे. दोनपेक्षा जास्त गुणांनी वाढला किंवा तासाभरात उतरला नाही, तर थांबायचे आणि दुसऱ्या दिवशी थोडे कमी करायचे. अजिबात न हलणे आणि एकदम सगळे करणे, या दोन्ही टोकांनी बरे व्हायला वेळ लागतो. मध्यम मार्ग येथे अगदी शब्दशः लागू पडतो.

गोंधळासाठी : खिशात एक छोटी वही ठेवा. औषध, भेट, फोन, सगळे त्यात लिहा. मेंदूला ओझे द्यायचे नाही, कागदाला द्यायचे. एका वेळी एकच काम करा. वाचायचे असेल तर दहा मिनिटे वाचा, मग डोळे मिटून पाच मिनिटे थांबा. अवघड काम सकाळी करा. किल्ली, चष्मा, आधारकार्ड यांची जागा ठरवून ठेवा. कोणी विचारले तर सांगा, "डोक्याला मार लागलाय, जरा सावकाश बोला." यात लाजण्यासारखे काही नाही.

धास्तीसाठी : छातीत धडधडायला लागले की बसा. पाय जमिनीला टेकवा. चार मोजेपर्यंत श्वास घ्या, सहा मोजेपर्यंत सोडा. आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावे घ्या : दार, हंडा, खिडकी, चप्पल, दोरी. भीतीची लाट चढते आणि काही मिनिटांत उतरते. ती उतरेपर्यंत तिच्याशी झगडायचे नाही. त्रासाची नोंद संध्याकाळी एकदाच करा, दिवसभर नको. मोबाइलवर लक्षणे शोधणे बंद करा. मनातले प्रश्न वहीत लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा.

झोपेची वेळ ठरलेली ठेवा. दुपारनंतर चहा टाळा. दारू पूर्ण बंद. पहिले एक-दोन दिवस ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. साध्या डोकेदुखीला पॅरासिटामॉल सहसा चालते. डोके हलके होईपर्यंत दुचाकी चालवू नका, कारण समोर अचानक ट्रॉली आली तर ब्रेक दाबायला लागणारा क्षणच कमी पडतो. मशीनवरचे आणि उंचावरचे काम, कबड्डी, कुस्ती, क्रिकेट हे डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत नाही. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला तर तो कितीतरी जास्त घातक ठरू शकतो. हेल्मेट कवटी वाचवते, जीव वाचवते. आतला हादरा ते पूर्ण थांबवू शकत नाही, म्हणून हेल्मेट होते तरी तपासणी टाळू नये.

ध्यान करावे का?

आपल्यापैकी अनेकांचा पहिला सल्ला हाच असतो : विपश्यनेला जा. या काळात दहा दिवसांच्या शिबिराची घाई करू नये. पहाटे उठून दिवसभर डोळे मिटून बसणे आणि शरीरातल्या संवेदनांवर लक्ष ठेवणे हे हादरलेल्या मेंदूला जड जाऊ शकते. जो आधीच डोक्यातली प्रत्येक कळ तपासत बसला आहे, त्याची तपासणीच त्याने वाढू शकते. शिबिराला जायचे असेल तर बरे झाल्यावर जावे आणि अर्ज करताना दुखापतीची माहिती द्यावी.

आनापानाचा थोडा सराव मात्र चालतो. पाच मिनिटे, बसून किंवा आडवे पडून, डोळे उघडे ठेवूनही. डोके गरगरले तर थांबायचे. चालण्याचे ध्यान अनेकांना जास्त सोसते. विहाराच्या अंगणात किंवा शेताच्या बांधावर संथ चालावे, लक्ष पावलांवर ठेवावे. यात शरीराची हालचालही होते आणि मनाला विसावाही मिळतो.

मार दगडाचा किंवा घरातल्या हाताचा असेल तर

प्रत्येक मुका मार अपघाताचा नसतो. १ जानेवारी २०१८ रोजी, भीमा कोरेगावच्या लढाईला २०० वर्षे होत असताना, अभिवादनाला निघालेल्या लोकांवर कोरेगाव भीमा, सणसवाडी परिसरात दगडफेक झाली. वाहने जाळली गेली, अनेक जण जखमी झाले. ही गावे शिरूर तालुक्यातलीच. अशा हिंसाचारात डोक्याला मार लागलेल्याला दोन दुखापती असतात. एक मेंदूचा हादरा आणि दुसरा जीवावर बेतल्याचा आघात. स्वप्नात तेच दृश्य येणे, मोठ्या आवाजाला दचकणे, त्या रस्त्याने जायला पाय न उचलणे हे आघाताचे परिणाम आहेत. ते महिनाभरानंतरही टिकले तर मानसोपचार तज्ज्ञाची मदत घ्यावी. त्यावर परिणामकारक उपचार आहेत. लढवय्या समाजाच्या माणसाने घाबरू नये, या अपेक्षेखाली अशा माणसाला गप्प करू नका.

दुसरा मार घरातला. नवऱ्याने डोके भिंतीवर आपटले, कानशिलात मारली, आणि ताई दवाखान्यात "जिन्यावरून पडले" असे सांगते, हे आपल्याही वस्त्यांत घडते. पुढे ती विसरते, चिडते, तिला स्वयंपाक उरकत नाही, तेव्हा तिलाच "डोक्यावर परिणाम झालाय" म्हणून हिणवले जाते. परिणाम झाला आहे हे खरे, पण तो कोणी केला? महिला कार्यकर्त्यांनी अशा ताईशी एकटीशी बोलावे, तपासणीला सोबत जावे, आणि १८१ ही महिला हेल्पलाइन व २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा यांची माहिती द्यावी.

बाधा नाही, दुखापत आहे

माणूस पडल्यानंतर बदलला, असंबद्ध बोलू लागला, एकटा बसू लागला की कोणीतरी म्हणते, "त्या वळणावर काहीतरी लागलं असेल." मग अंगारा, लिंबू, देवऋषी. बाबासाहेबांनी आपल्याला ज्या वाटेवरून बाहेर काढले, ती वाट भीतीच्या क्षणी हळूच पुन्हा उघडते. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि हादरलेल्या डोक्याला आणखी मार किंवा झटके देणे जीवघेणे ठरू शकते. मान मोडून घेणे, डोक्याला जोरात मालिश करणे हेही टाळावे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

"आराम कर" हे सांगणे सोपे आहे. हातावर पोट असलेल्याला आराम परवडत नाही, हे त्याच्या धास्तीचे मोठे कारण असते. कंत्राटी कामगाराला वाटते, आठ दिवस गेलो नाही तर गेट पास बंद होईल. या भीतीवर श्वासाचा व्यायाम पुरत नाही. तेथे माणसे लागतात.

कामगाराकडे ईएसआयचे कार्ड असेल तर ते बाहेर काढा. आजारपणात ठरावीक अटींवर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सुमारे ७० टक्के भत्ता मिळतो. कामावर झालेली दुखापत असेल तर तो सुमारे ९० टक्के असतो. कामावर जाता-येतानाचा अपघातही, कामाशी संबंध सिद्ध झाल्यास, कामाची दुखापत धरला जातो. कंत्राटी कामगारांनाही हा हक्क आहे. त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र हवे, म्हणून पहिल्याच दिवशी सगळे कागद जपून ठेवा. विद्यार्थी असेल तर प्राचार्यांना भेटून हजेरी आणि परीक्षेत जास्त वेळ याविषयी बोला. सुपरवायझरला एकट्या रुग्णाने भेटण्यापेक्षा सोबत एक जबाबदार माणूस गेला तर बोलणे वेगळे होते.

जखमी कार्यकर्त्याला मोकळे करा. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेसमोर, १ जानेवारीला पेरणे फाट्याच्या गर्दीत, रात्री बारापर्यंत चालणाऱ्या बैठकीत तो दिसला नाही तर त्याची निष्ठा मोजू नका. ग्रुपवर "कुठे गायब?" असे विचारू नका. घरी जा, वीस मिनिटे बसा, हळू बोला, आणि डॉक्टरकडे न्यायला कोणाची गाडी आहे ते ठरवा. आई-वडिलांना हा लेख वाचून दाखवा. "रिपोर्ट चांगला आहे आणि याचा त्रासही खरा आहे" हे त्यांना बाहेरच्या माणसाकडून ऐकले की लवकर पटते.

पुन्हा डॉक्टरकडे कधी?

चार आठवड्यांनंतरही त्रास कमी होत नसेल, कामावर किंवा वर्गात टिकता येत नसेल, तर पुन्हा दाखवा. गरगरणे, मानेचे दुखणे, झोप, अर्धशिशी, चिंता या प्रत्येकावर वेगळा उपचार असतो. "याला काही उपाय नाही" हे खरे नाही. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातून पुण्याच्या ससून रुग्णालयात जाण्यासाठी संदर्भ चिठ्ठी मागून घ्या.

सतत उदास वाटणे, भीतीने घराबाहेर न पडणे, जगण्यात अर्थ नाही असे वाटणे, यांसाठी मात्र चार आठवडे थांबू नका. टेलि-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास सुरू असते आणि मराठीत बोलता येते. जीव देण्याचे विचार बोलून दाखवणाऱ्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

हाड मोडले की प्लास्टर दिसते, म्हणून कोणी त्या माणसाला पोते उचलायला सांगत नाही. मेंदूच्या हादऱ्याला प्लास्टर नसते. ते काम काही आठवडे आपल्याला करायचे असते : घरच्यांनी, मित्रांनी, विहारातल्या माणसांनी. बहुतेकांसाठी तेवढे पुरते. ज्यांना पुरत नाही, त्यांना पुढच्या दवाखान्यापर्यंत सोबत द्यायची.